आईच्या दवाखान्याच्या वेळा आम्हा भावंडांच्या फोनवर एकसारख्या का दिसत नाहीत?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आई नाशिकला माझ्याकडे असते, वय ७८. मधुमेह जुना, त्यामुळे डॉक्टर एक नाही, चार. डोळ्यांत ठरावीक अंतराने इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी आणि क्रिएटिनिन या रक्ताच्या तपासण्या, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी, शिवाय दात. ताई न्यू जर्सीत एडिसनला, धाकटा भाऊ पुण्यात. ताईला डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं असतं आणि इंजेक्शनच्या दिवशी आईला न्यायला-आणायला भाऊ गाडी घेऊन येतो. म्हणून गूगलवर 'आई' नावाचं वेगळं कॅलेंडर केलं आणि दोघांना शेअर केलं. भावाचं सगळं काम ऑफिसच्या आउटलुकवर (मायक्रोसॉफ्टचं मेल आणि कॅलेंडर) चालतं, त्याला तिथे जोडायला एक लिंकही दिली.

आता होतंय असं: ताईला लॅपटॉपवर नोंदी दिसतात, आयफोनवर नाहीत. भावाला दिसतात, पण परवा डॉक्टरांनी वेळ बदलून दिली, मी ती लगेच बदलली, तरी त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जुनीच होती. काही नोंदी तर माझ्या फोनवर आहेत आणि त्या दोघांकडे मुळीच नाहीत. रविवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही तिघं आईबरोबर बोलतो, तो कॉल नोव्हेंबरपासून ताईच्या कॅलेंडरात एक तास अलीकडे आलाय. आणि आदल्या दिवशीची आठवण फक्त माझ्याच फोनवर वाजते.

इंजेक्शनची तारीख हुकली तर आईच्या नजरेवर परिणाम होतो. त्यामुळे चालढकल न करता हे एकदाचं नीट लावायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

राघू
एकेक घेऊ. सगळ्यात आधी 'माझ्याकडे आहेत, त्यांच्याकडे नाहीत' त्या नोंदी, कारण खरा धोका तिथे आहे. अशी एखादी नोंद फोनवर उघडा आणि खाली कोणत्या कॅलेंडरचं नाव आहे ते सांगा. 'आई' असेल असं वाटत नाही.

गोदाकाठ
बघितलं. बऱ्याच नोंदींवर माझा जीमेलचा पत्ता आहे. फिजिओच्या दोन नोंदींवर 'माय कॅलेंडर' असं लिहिलंय.

राघू
मग उलगडा झाला. नवीन नोंद करताना ॲप ती डीफॉल्ट कॅलेंडरात टाकतं, म्हणजे तुमच्या स्वतःच्या. ते तुम्ही कुणाला शेअर केलेलं नाही, मग त्यांना दिसणार कसं? या नोंदी उघडून पेन्सिलच्या खुणेवर टिचकी मारा, कॅलेंडरच्या नावाला हात लावला की यादी येईल, त्यातून 'आई' निवडा आणि सेव्ह करा.

'माय कॅलेंडर'वाल्या नोंदी जास्त जपून. फोन कंपनीच्या स्वतःच्या कॅलेंडर ॲपमधून केलेली नोंद बरेचदा फोनच्या आतच राहते, कुठल्याच खात्यावर चढत नाही. फोन हरवला किंवा फॅक्टरी रीसेट केला की नोंदही गेली. त्या 'आई'मध्ये नव्याने करा आणि जुन्या पुसून टाका. इथून पुढे नोंदी एकाच ॲपमधून करा. फोनवर दोन कॅलेंडर ॲप असली की हा घोळ ठरलेला. ताई आयफोनच्या मूळ कॅलेंडरातून नोंद करणार असतील तर त्यांनी सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट कॅलेंडर' काय आहे तेही बघून घ्यावं.

एडिसन_कट्टा
ताईंच्या आयफोनचं मी सांगतो, आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत निम्म्या लोकांना हीच अडचण आली होती. आयफोनच्या मूळ कॅलेंडर ॲपमध्ये गूगल खातं जोडलं की आपली स्वतःची कॅलेंडरं येतात. दुसऱ्याने शेअर केलेली यायला गूगलच्या एका वेगळ्या पानावर जाऊन खूण करावी लागते. ब्राउझरमध्ये कॅलेंडर डॉट गूगल डॉट कॉम स्लॅश कॅलेंडर स्लॅश सिंकसिलेक्ट हा पत्ता उघडायचा (अर्थात इंग्रजी अक्षरांत), 'आई'समोर खूण करायची, सेव्ह. मग फोनवरचं कॅलेंडर खाली ओढून ताजं करायचं.

याहून सोपं म्हणजे आयफोनवर गूगलचंच कॅलेंडर ॲप घ्यायचं. मग हे पान लागत नाही, बाजूच्या यादीत 'आई'वर खूण आहे ना एवढं बघायचं.

गोदाकाठ
ताईला रात्रीच कळवलं. तिचा आत्ता निरोप आला, फोनवर सगळं दिसलं. खूप आभार!

राघू
छान. आता भावाचं. इथे जरा मुळात जावं लागेल, कारण आपण सगळ्यालाच 'कॅलेंडर शेअर केलं' म्हणतो, पण आत चार निरनिराळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचं वागणं वेगळं.

पहिली, अख्खं कॅलेंडर खात्याला शेअर करणं. तुम्ही ताईंना केलंत ते. इथे नोंद एकच असते, गूगलच्या सर्व्हरवर, आणि सगळे तीच बघतात. बदल जवळपास लगेच दिसतो. अट एवढीच की समोरच्याकडेही गूगल खातं हवं आणि शेअर केल्यावर आलेल्या मेलमधला जोडण्याचा दुवा त्याने दाबायला हवा. बरेच जण तो मेल न उघडताच 'मला काही आलं नाही' म्हणतात.

दुसरी, एकेका नोंदीचं आमंत्रण. नोंदीत 'गेस्ट' म्हणून पत्ता घातला की मेल जातो. समोरचा आउटलुकवर असो वा ॲपलवर, चालतं, कारण मागे आयकॅलेंडर नावाचं सामायिक मानक आहे. ते पहिल्यांदा १९९८ मध्ये आलं आणि २००९ मध्ये सुधारलं गेलं. प्रत्येक नोंदीला एक कायमची ओळख असते, यूआयडी. वेळ बदलली की ओळख तीच राहते आणि आवृत्तीचा आकडा वाढतो. त्यावरून आउटलुकला कळतं की ही नवी भेट नाही, जुनीचीच वेळ बदलली आहे. म्हणून वेळ बदलली तर जुनी नोंद पुसून नवी करू नका, तीच दुरुस्त करा. पुसून नवी केलीत आणि रद्द झाल्याचा मेल पोचला नाही, तर समोरच्याकडे दोन्ही वेळा उभ्या राहतात.

तिसरी, लिंकवरून जोडणं. भावाला तुम्ही दिलीत ती. गूगलच्या सेटिंग्जमध्ये 'सीक्रेट ॲड्रेस इन आयकॅल फॉरमॅट' असतो तो. यात तुमच्याकडून काहीच पाठवलं जात नाही. समोरचं ॲप त्याच्या सवडीने येऊन फाइल वाचून जातं. मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या पानावर लिहिलंय की अशा कॅलेंडरातला बदल दिसायला २४ तासांहून जास्त लागू शकतात. उलट दिशेने, गूगलमध्ये बाहेरचं कॅलेंडर लिंकने जोडलं तर १२ तासांपर्यंत. तुमच्या भावाला जुनी वेळ दिसली ती याच्यामुळे. बिघाड काहीच नाही, त्या पद्धतीची चालच तशी.

चौथी, आयसीएस फाइल, म्हणजे आयकॅलेंडर मानकातली नोंदींची फाइल, डाउनलोड करून पाठवणं. ती त्या क्षणाची झेरॉक्स. पुढे मूळ बदललं तरी झेरॉक्स बदलत नाही.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा: भावाच्या खाजगी जीमेलला 'आई' कॅलेंडर शेअर करा आणि त्याच्या फोनवर गूगल कॅलेंडर ॲप टाका. ज्या दिवशी गाडी घेऊन यायचंय, फक्त त्या नोंदीत त्याचा ऑफिसचा पत्ता गेस्ट म्हणून घाला, म्हणजे आउटलुकमध्ये तो वेळ अडवला जाईल आणि त्याचे सहकारी त्यावर मीटिंग ठेवणार नाहीत. आउटलुकमधलं लिंकवालं कॅलेंडर काढून टाका, नाहीतर एकच भेट दोनदा दिसेल आणि त्यातली एक शिळी असेल.

सेव्ह करताना गूगल विचारतं, मेल पाठवू का. तिथे 'सेंड'च दाबायचं. 'डोन्ट सेंड' केलं तर गूगल कॅलेंडर वापरणाऱ्यांना नोंद तरी दिसते, आउटलुकवाल्याला काहीच कळत नाही. आणि आमंत्रणात आयोजक म्हणून कॅलेंडरचं नाव, म्हणजे 'आई', दिसेल. भावाला आधीच सांगून ठेवा.

गोदाकाठ
'आई' नावाने आमंत्रण आलं तर तो नाही म्हणणारच नाही :)
आज बसून करते.

अबोली
रविवारच्या कॉलबद्दल. मी पुण्यातून ऑनलाइन गाणं शिकवते, मुलं लंडनला आहेत, जर्सीत आहेत, दुबईत आहेत. हा प्रश्न दर वर्षी दोनदा येतो, त्यामुळे तारखा तोंडपाठ आहेत.

आपल्याकडे घड्याळ बाराही महिने ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, हलत नाही. दुबई पण हलत नाही, ती कायम आपल्या दीड तास मागे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. ब्रिटन आणि युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. लंडनला उन्हाळ्यात दुपारचे तीन, हिवाळ्यात दोन. २०२६ मध्ये अमेरिका ८ मार्चला बदलेल आणि ब्रिटन २९ मार्चला, म्हणजे मधले तीन आठवडे जर्सी आणि लंडन यांच्यातलं अंतरही नेहमीचं नसेल. त्या काळात एकत्र वर्ग असला की पालकांचे निरोपांवर निरोप येतात.

आता कॅलेंडरचं. पुन्हा पुन्हा येणारी नोंद ज्या टाइम झोनमध्ये केली, त्याच्या घड्याळाला ती बांधलेली राहते. तुम्ही नाशिकला बसून केलीत, म्हणून तुमच्याकडे साडेसात पक्के आणि सरकायचं ते ताईंकडे सरकलं. कॅलेंडरचं बरोबरच आहे. ठरवायचं एवढंच की कुणाची वेळ पक्की ठेवायची. आईंचं जेवण, औषध, झोप यांची वेळ ठरलेली असेल तर भारताचीच ठेवा. ताईंना सकाळी नऊ जमत नसेल तर नोंद दुरुस्त करताना वेळेच्या शेजारच्या 'टाइम झोन'मध्ये न्यूयॉर्कची वेळ निवडा आणि दहा घाला. मग हिवाळ्यात तुमच्याकडे साडेआठ वाजतील. दवाखान्याच्या वेळांना मात्र नेहमी भारताचीच वेळ, तिथे दुसरा विचार नको.

माझ्या वर्गाच्या प्रत्येक नोंदीच्या वर्णनात मी पहिल्या ओळीत 'भारतीय वेळ सायं. ७:३०' असं अक्षरांत लिहिते. ॲपने काहीही दाखवलं तरी माणसाला ताडून बघता येतं.

दुबईकर
अबोलीताईंना अनुमोदन. दोन गोष्टी माझ्याकडून.

सासरे दुबईला आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या आयफोनवर सगळ्या भेटी दीड तास पुढे दिसायच्या. सेटिंग्ज, मग कॅलेंडर, मग 'टाइम झोन ओव्हरराइड' ते चालू होतं आणि मुंबईवर अडकवलेलं होतं. बंद केल्यावर जागच्या जागी आलं. अँड्रॉइडवर गूगल कॅलेंडरात 'यूज डिव्हाइस टाइम झोन' असतं, ते चालू ठेवायचं. ताई भारतात येतील तेव्हा हे आठवणीने बघा.

दुसरं, 'ऑल डे' नोंदी. गूगलमध्ये अशा नोंदीला फक्त तारीख असते, वेळ नसते. 'मंगळवार, उपाशीपोटी रक्त' असं दिवसभराचं टाकलंत तर ताईंना ते त्यांच्या मंगळवारी दिसेल. पण नाशिकला मंगळवारी सकाळी सात वाजता रक्त काढतील तेव्हा हिवाळ्यात एडिसनला सोमवारचे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. मंगळवारी सकाळी उठून त्या 'आज रक्त द्यायचंय ना' म्हणून फोन करतील तेव्हा नाशिकला संध्याकाळ झालेली असेल. म्हणून ज्यात ताईंनी काही करायचंय, ती नोंद वेळ घालूनच करा.

रानजाई
एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळ टाकली की झालं की. आम्ही तेच करतो.

अबोली
रानजाई, भेटी थोड्या असतील तर चालतं. पण ग्रुपवर सुप्रभातचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ यांच्या खाली तो निरोप कुठे जातो ते सापडत नाही, आणि वेळ बदलली की जुना निरोप तसाच राहतो. कुणी वर जाऊन जुनाच वाचला की संपलं. आदल्या दिवशी आठवण म्हणून ग्रुपवर टाकावंच, मूळ नोंद मात्र एका जागी हवी.

गोदाकाठ
आणि आठवण माझ्याच फोनवर का वाजते, याचं कुणी सांगेल का?

राघू
कारण आठवण ज्याची त्याची असते. शेअर केलेल्या कॅलेंडरात तुम्ही 'एक दिवस आधी' लावलंत तर ते तुमच्यापुरतं. ताई आणि भाऊ दोघांनी आपापल्या गूगल कॅलेंडर ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'आई' या नावाखाली डीफॉल्ट नोटिफिकेशन घालायचं: एक दिवस आधी आणि दोन तास आधी. एकदा केलं की पुढच्या सगळ्या नोंदींना लागू. हे कॅलेंडरवार असतं, म्हणूनच 'आई' वेगळं काढलंत ते फार बरं केलंत. स्वतःच्या ऑफिसच्या मीटिंगला आदल्या दिवशी कुणाला आठवण नको असते.

इंजेक्शनबद्दल एक विनंती. 'दर चार आठवड्यांनी' अशी आपोआप पुन्हा येणारी नोंद करू नका. डोळ्यांचे डॉक्टर तपासून पुढची तारीख देतात, अंतर बदलतं. मग साखळीतली एखादीच नोंद हलवताना 'धिस इव्हेंट', 'धिस अँड फॉलोइंग इव्हेंट्स', 'ऑल इव्हेंट्स' यातलं चुकीचं दाबलं गेलं की पुढच्या, कधी मागच्याही तारखा सरकतात. आणि मग खरी कोणती, कॅलेंडरातली की फाइलवर डॉक्टरांनी लिहिलेली, हे कुणालाच सांगता येत नाही. दवाखान्यातून बाहेर पडताना पुढच्या तारखेची एक सुटी नोंद करायची. फिजिओ मात्र साखळीत ठेवायला हरकत नाही.

परिचारिका_सोलापूर
चांगला धागा. घरोघरी लागणारी गोष्ट आहे. मी रुग्णालयात काम करते, तिथून बघून एक सांगावंसं वाटतं. नोंदीच्या शीर्षकात आजाराचं नाव, तपासणीचं नाव लिहू नका. शीर्षक कुलूपबंद फोनच्या पडद्यावरही झळकतं. ऑफिसात स्क्रीन शेअर करताना सगळ्यांना दिसतं. 'आई, डोळे' एवढं पुरे. बाकीचं वर्णनात: दवाखान्याचा मजला, केस पेपर नंबर, उपाशीपोटी यायचं का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, बरोबर कोणत्या फाइल घ्यायच्या, सध्याच्या औषधांची यादी. इंजेक्शननंतर थोडा वेळ धूसर दिसतं म्हणून सोबत कुणीतरी लागतंच, ते कोण येणार हेही नावानिशी लिहा. दोघं-तिघं भाऊबहीण असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा जाणार आहे, आणि म्हातारं माणूस एकटंच बाकावर बसलेलं असतं. हे मी फार वेळा बघते.

रिपोर्टची पीडीएफ नोंदीला जोडलीत तर ती ड्राइव्हमध्ये असते. कॅलेंडर दिसतं म्हणजे ती फाइल उघडेलच असं नाही, तिची परवानगी वेगळी द्यावी लागते. ताईंना डॉक्टरांसमोर रिपोर्ट उघडायचा असेल तर आदल्या दिवशीच उघडून बघायला सांगा.

राघू
फार मोलाचं सांगितलंत. यालाच जोडून, ती सीक्रेट लिंक. ज्याच्या हातात ती पडेल त्याला पासवर्डशिवाय सगळं कॅलेंडर वाचता येतं. ग्रुपवर टाकली असेल तर सेटिंग्जमध्ये तिच्याशेजारी 'रीसेट' आहे, ते दाबा, जुनी लिंक निकामी होते. आणि 'मेक अव्हेलेबल टू पब्लिक'वर खूण नाही ना, तेही बघून घ्या.

परवानग्या चार पातळ्यांच्या असतात: फक्त मोकळं की व्यस्त, सगळा तपशील, नोंदी बदलता येणं, आणि बदलणं अधिक शेअरिंग सांभाळणं. ताई आणि भावाला 'मेक चेंजेस टू इव्हेंट्स' द्या. हे संगणकाच्या ब्राउझरवरून करा. एखाद्याला नोंदीच्या जागी फक्त 'बिझी' दिसत असेल तर एक तर त्याची पातळी पहिली आहे, किंवा ती नोंद 'प्रायव्हेट' केलेली आहे. तपशील बघण्याची परवानगी असली तरी प्रायव्हेट नोंद उघडत नाही, बदलण्याची परवानगी असेल तर उघडते.

पाटीपेन्सिल
माझाही प्रश्न इथेच विचारतो. ऑफिसचं माझं कॅलेंडर बायकोच्या जीमेलला शेअर केलं. तिला नुसते राखाडी चौकोन दिसतात, 'बिझी'. मी सगळा तपशील दिला होता.

राघू
ऑफिसचं खातं असेल तर कंपनीच्या ॲडमिनने बाहेर काय जाऊ द्यायचं ते ठरवलेलं असतं. बहुतेक ठिकाणी बाहेरच्यांना फक्त मोकळं-व्यस्त. तुमच्या हातात काही नाही, आणि ते बरोबरच आहे. उलट करा: घरचं कॅलेंडर जीमेलवर ठेवा आणि तुम्ही तिथे या.

एडिसन_कट्टा
आमंत्रणाबद्दल दोन गोष्टी राहिल्या. आमंत्रणाचा मेल दुसऱ्याला फॉरवर्ड करू नका. त्या मेलच्या तळाशी लहान अक्षरात लिहिलेलं असतं की ज्याच्याकडे तो जाईल त्याला तुमच्या वतीने उत्तर देता येऊ शकतं. आमच्या दिवाळी कार्यक्रमाला एका काकांनी आमंत्रण जावयाला पुढे पाठवलं, जावयाने 'नो' दाबलं, आणि यादीत काका येणार नाहीत असं झालं. त्यांचं ताट कमी धरलं गेलं असतं. हवं तर गेस्ट म्हणून त्या माणसाला वेगळं जोडा.

दुसरं, आमंत्रण मेलमध्ये दिसतं पण कॅलेंडरात नाही, असं होतं तेव्हा समोरच्याने गूगलच्या सेटिंग्जमध्ये 'ॲड इन्व्हिटेशन्स टू माय कॅलेंडर' बघावं. 'ओन्ली इफ द सेंडर इज नोन' असेल तर अनोळखी पत्त्यावरून आलेली भेट उत्तर देईपर्यंत कॅलेंडरात चढत नाही. फसव्या आमंत्रणांचा सुळसुळाट झाल्यापासून ही सोय चांगलीच आहे, ती बंद करू नका. पाठवणाऱ्याला संपर्कयादीत घाला.

अण्णा_मिरज
माझं वय ७१, मुलाने हा धागा वाचायला पाठवला. आमच्या घरात वडिलांचं श्राद्ध, कुळाचार, नातवंडांचे वाढदिवस सगळं तिथीने. दर वर्षी भिंतीवरच्या कालनिर्णयवर मी खुणा करतो. आता मुलं बाहेरगावी, त्यांच्या फोनवर हे कसं जाईल? 'दर वर्षी' असं लावलं तर तारीख तीच राहते, तिथी निघून जाते.

राघू
अण्णा, नमस्कार. 'दर वर्षी' म्हणजे ॲपच्या लेखी इंग्रजी तारीख. २०१५ मध्ये इतर कालगणनांनुसार पुनरावृत्ती लिहिण्याचं एक मानक आलं, चिनी, हिब्रू वगैरेंसाठी. आपली तिथी त्यात बसत नाही. तिथी सूर्योदयावर, गावावर ठरते, तिचा क्षय होतो, वृद्धी होते, आणि अधिक मास येतो. २०२६ मध्येच अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. ज्येष्ठातलं श्राद्ध अधिकात की निजात, हे तुमचे गुरुजी सांगणार, फोन नाही.

त्यामुळे दर वर्षी नवं पंचांग आलं की वर्षभराच्या तारखा काढून एकदम टाकणं हाच उपाय. 'कुळाचार' नावाचं एक कॅलेंडर करा आणि ते मुलांना शेअर करा. पंधरा-वीस नोंदी असतील तर एक्सेलमध्ये लिहून संगणकावरून एकदम चढवता येतात. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं इंग्रजीतच लागतात (सब्जेक्ट, स्टार्ट डेट), खाली मजकूर मराठीत चालतो. तारीख आधी महिना, मग दिवस अशी लिहावी. चढवताना कोणत्या कॅलेंडरात ते नीट निवडा. तीच यादी दोनदा चढवू नका.

पाटीपेन्सिल
हे मी सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांसाठी केलं होतं. एक्सेलमधून साधं 'सीएसव्ही' (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केलं की मराठीची सगळी प्रश्नचिन्हं होतात. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडायचा. आणि चढवण्याआधी दोन ओळींची छोटी फाइल करून बघायची.

एक विचारायचंय, एका क्लिनिकच्या मेलमधून आयसीएस फाइल येते, त्यात मराठी शीर्षकाच्या मधोमध काळे चौकोन येतात. सुरुवात ठीक असते. हे काय?

राघू
छान निरीक्षण. आयसीएस फाइलमध्ये एक ओळ ७५ बाइटपेक्षा (बाइट म्हणजे संगणकातलं साठवणुकीचं लहान माप) लांब असू नये असा संकेत आहे, लांब असली तर मोडून पुढच्या ओळीत न्यायची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे पंचवीस चिन्हांतच ओळ भरते. फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामने डोळे मिटून ७५व्या बाइटवर तोडलं तर एखादं अक्षर मधोमध चिरलं जातं, आणि काही ॲपना ते पुन्हा जोडता येत नाही. क्लिनिकला सांगून बघा, सॉफ्टवेअरवाल्याला दुरुस्त करायला वेळ लागत नाही. तोवर शीर्षक आखूड ठेवायला सांगा.

अण्णा_मिरज
धन्यवाद. यादी मी हाताने लिहून देतो, टंकायचं काम सूनबाई करणार आहे. तिला हा धागा पाठवला.

गोदाकाठ
कळवायला उशीर झाला. भटक्या नोंदी सगळ्या 'आई'मध्ये आणल्या. भावाने फोनवर ॲप घेतलं, आउटलुकमधलं जुनं काढलं, सीक्रेट लिंक रीसेट केली. कालच्या इंजेक्शनची वेळ साडेदहाची साडेअकरा झाली ती मी दवाखान्याच्या बाकावर बसून बदलली, आणि भाऊ गाडी लावून वर येईपर्यंत त्याच्या फोनवर आली होती. ताईने रविवारी सकाळी नऊ मान्य केलेत. वर्णनात 'सोबत कोण' ही ओळ आता प्रत्येक नोंदीत आहे, परिचारिकाताई, ते तुमच्यामुळे.

शेवटची शंका. आईला सांभाळायला दिवसा एक मावशी येतात. त्यांच्याकडे साधा अँड्रॉइड आहे. त्यांनाही दाखवावं म्हणते. त्या पुढे काम सोडून गेल्या तर काय करायचं? आणि हे सगळं माझ्या खात्यावर आहे, मलाच काही झालं तर?

राघू
मावशींना 'सी ऑल इव्हेंट डिटेल्स' द्या, बदलण्याची परवानगी नको. वर्णनात केस पेपर नंबर वगैरे असेल तो त्यांनाही दिसेल, ते ध्यानात ठेवून लिहा. त्या गेल्या की शेअरिंगच्या यादीत त्यांच्या नावासमोरची फुली दाबायची, त्यांच्या फोनवरून कॅलेंडर जातं. त्यांनी स्वतःहून 'अनसबस्क्राइब' केलं तर फक्त त्यांच्याकडून जाईल, तुमचं राहील. पण तुम्ही सेटिंग्जमधून 'डिलीट' केलंत तर सगळ्यांचं जाईल, त्यामुळे ते बटण कोणतं ते नीट बघून ठेवा.

ताईंना सर्वांत वरची पातळी द्या, शेअरिंग सांभाळण्याची, म्हणजे तुम्ही आजारी असलात तरी कुणाला जोडणं-काढणं अडणार नाही. आणि हे कॅलेंडर आईच्या नावाने उघडलेल्या, कुणी न वापरणाऱ्या खात्यावर हलवू नका. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल पुसू शकतं, डिसेंबर २०२३ पासून ते सुरू झालंय. तुमचं रोजच्या वापरातलं खातंच बरं. सहा महिन्यांतून एकदा संगणकावरून 'एक्सपोर्ट' करून फाइल भावाला मेल करून ठेवा.

गोदाकाठ
ताईला वरची पातळी आत्ताच दिली. मावशी उद्या सकाळी आल्या की त्यांचा फोन घेऊन बसते.